शकुंतला मळवताना

नवी वस्तू जुनी दिसावी म्हणून पैसे आणि डोळे खर्च करणारी माणसं जगात आहेत. कारंजा लाडसारख्या गावात राहून मी त्यांच्यात सामील झालो, ही घरच्यांची तक्रार. छंद आहे रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींचा. डबा जोडायचा, रंगवायचा, रंग वाळला की मळवायचा. रंगवणं लवकर उरकतं. मळवणं उरकत नाही.

कारंज्यात राहून शकुंतलेशिवाय दुसरी कुठली गाडी करणार? विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत किलिक निक्सन कंपनीनं वऱ्हाडातला कापूस बाहेर काढायला तिची अरुंद लाईन टाकली. यवतमाळहून कारंज्यावरून मूर्तिजापूर, 113 किलोमीटर. मूर्तिजापूरला गाठी मोठ्या लाईनवर चढायच्या, मुंबईला जायच्या आणि तिथून पुढे मँचेस्टर. इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 सालचं. कापूस तिकडे आणि इंजिन इकडे, असा तो व्यवहार. देश स्वतंत्र झाला, रेल्वे सरकारी झाली, तरी ही लाईन कंपनीच्याच नावावर राहिली. आता रुळांवर झुडपं आहेत आणि गाडी फक्त माझ्या टेबलावर आहे.

टेबलावरचं प्रमाण एकास सत्त्याऐंशी. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून आहे, तिथंही गाड्या याच मापाच्या. शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर. त्याला सत्त्याऐंशीनं भागलं की जेमतेम पावणेनऊ. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ मिळतात, पण ते एकास एकशेसाठ मापाच्या गाड्यांसाठी केलेले. त्यामुळे त्यांचे स्लीपर आपल्या डब्याखाली फार बारके आणि फार दाटीनं लावलेले दिसतात. हौशी लोक ते उपसून पुन्हा बसवतात. मी वरून गवत लावलं. शकुंतलेच्या बाबतीत ही लबाडी नव्हे, इतिहास आहे.

मळवण्याचं तंत्र तसं सोपं. काळपट तपकिरी रंग स्पिरिटमध्ये इतका पातळ करायचा की ब्रशातून पाणीच सुटतंय असं वाटावं. तो डब्यावर फिरवला की फळ्यांच्या सांध्यांत, खिळ्यांच्या कडेला जाऊन बसतो. उरलेला वरून खाली पुसायचा, कधीही आडवा नाही, कारण पाऊस आडवा ओघळत नाही. गंजाला गेरू. पायरीच्या कडेवर जवळजवळ कोरड्या ब्रशानं चांदीचा रंग, जिथं पाय पडून लोखंड उघडं झालं. दरवाज्याच्या दांडीला किंचित चकाकी, कारण तिला हजारो तळहात लागले. शेवटी मॅट वार्निश, म्हणजे सगळी घाण कायमची.

अवघड आहे ती अस्सल माती. कारंज्याची माती घ्यावी, वस्त्रगाळ करावी आणि चाकांच्या वर उडवावी, असा माझा स्वाभिमानी बेत होता. पण एक मिलिमीटरचा खडा या मापात पावणेनऊ सेंटिमीटरचा धोंडा होतो. शिवाय आपली काळी माती बेसाल्टातून आलेली. त्या खडकात मॅग्नेटाइट असतं. चाळलेल्या मातीतून लोहचुंबक फिरवलं की त्याला मिशा फुटतात. तेच कण इंजिनाच्या मोटारीत शिरले तर गाडी जन्माची बसते. म्हणून आधी चुंबक, मग चाळणी, मग पुन्हा चुंबक.

कापसाचं तर विचारूच नका. कापसाची गाडी, कापसाचं गाव, तेव्हा वाघिणीच्या दाराला चार तंतू चिकटलेले हवेतच. कापसाचा तंतू पंधरा-वीस मायक्रॉनचा. सत्त्याऐंशीनं गुणा, दीड मिलिमीटरची सुतळी झाली! ज्या गाडीनं कापूस वाहिला, तिला कापूस लावता येत नाही. टाल्कम पावडर लावतो. वऱ्हाडात बसून हे कबूल करायला जड जातं.

गाडी कुठल्या सालची, हे आधी ठरवावं लागतं, कारण घाणीलाही काळ असतो. 15 एप्रिल 1994 ला वाफेचं इंजिन निघालं आणि डिझेल आलं. त्याआधीची गाडी असेल तर डब्याच्या टपावर काजळी हवी, पुढच्या डब्यावर जास्त, मागच्यावर कमी. इंजिनाच्या सांध्यांतून पाणी झिरपून वाळतं तिथं क्षारांचे पांढरे ओघळ हवेत. मी वाफेचा काळ घेतला. खरं कारण एवढंच की काजळी चुका झाकते.

रंगासाठी गावाला विचारलं. गुरुमंदिराकडच्या एका पानठेल्यावर दुपारी बसणारी ज्येष्ठ मंडळी आहेत, त्यांच्यापुढे कोरा डबा ठेवला. पहिली प्रतिक्रिया: “इतकी चकाचक कधी व्हती बापा ते?” मग वाद. एक काका म्हणाले, चाकलेटी. दुसरे म्हणाले, तांबडी, आपण लग्नाला गेलो ना तवा. तिसऱ्यांच्या मते निळी, आणि बाकीचे दोघं म्हातारे झालेत. ज्यानं त्यानं आपापल्या वयातली गाडी पाहिली होती, तेव्हा तिघंही खरे असतील. पण पानाच्या पिचकाऱ्या कुठे होत्या, असं विचारताच तिघांची बोटं एकाच खिडकीखाली गेली. रंग कंपनीनं दिला होता, तो विसरले. डाग आपल्या माणसांनी दिले होते, ते पाठ.

शिवाय डागांचा आकारही त्यांनी सुधारून दिला. मी पिचकाऱ्या तिरप्या, मागे ओढलेल्या काढल्या होत्या, वेगाच्या गाडीला दिसतात तशा. काका हसले. “थे मेल हाय का? सरळ खाली येत व्हती पिचकारी.” ताशी वीसेक किलोमीटरला वारा कितीसा ओढणार? ओघळ उभे केले. कुठल्याही छायाचित्रातून मला हे उमगलं नसतं.

आता मंडळी जवळजवळ रोज पाहणीला येतात. टपावर चढणाऱ्यांच्या चपलांच्या खुणा झाल्या. खिडकीच्या गजांना हातांचा तेलकटपणा झाला. मग चाकलेटीवाल्या काकांना आठवलं की दारावर आतल्या बाजूनं कोणीतरी खिळ्यानं बदाम कोरून नावं लिहायचं. हे मला फार आवडलं. एका केसाचा ब्रश करून बदाम काढला आणि विचारलं, नाव कोणाचं टाकू? निळीवाल्यांनी लगेच चाकलेटीवाल्यांकडे बोट दाखवलं आणि एक नावही सुचवलं, जे काकूंचं नव्हतं.

“माहं नोको टाकू,” काका घाईनं म्हणाले. “घरी समजन.”

मी समजावलं, चार सेंटिमीटरचं अक्षर इथं अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान होतं, कोणालाही वाचता येणार नाही.

“तिच्यापाशी गुरुचरित्र वाचाचं भिंग हाय ना,” काका म्हणाले.