हवाई अंतराचे जाणकार

अकोल्यापासून वीसेक किलोमीटरवर असलेले बार्शीटाकळी हे तालुक्याचे गाव यादवकालीन कालंका देवीच्या मंदिरामुळे अभ्यासकांना परिचित असले, तरी अलीकडे तेथे आढळणाऱ्या एका मानवी प्रकाराकडे त्यांचे लक्ष गेलेले दिसत नाही. मुलगा लंडनला, लेक-जावई पॅरिसला, स्वतः सेवानिवृत्त आणि विमानात एकदाही न बसलेला, असा हा गृहस्थ सकाळी चहाच्या टपरीवर प्रकटतो आणि कोणी तुरीचा भाव काढला असला, तरी दुसऱ्या घोटाला युरोप गाठतो.

"लंडन–पॅरिस म्हंजे काय राजेहो, साडेतीनशे किलोमीटर! सव्वा घंट्याचं काम!"

हा आकडा फारसा चुकीचा नाही. पृथ्वीच्या गोल पृष्ठावरून दोन ठिकाणांना जोडणाऱ्या सर्वांत जवळच्या मार्गाने, म्हणजे बृहद्वृत्ताच्या कंसाने मोजले असता हे अंतर सुमारे 344 किलोमीटर भरते. सव्वा तासात विमानाचे धावपट्टीपर्यंतचे रांगणेही धरलेले असल्याने प्रत्यक्ष उड्डाण त्याहून बरेच लहान असते. हा कंस तो संत्र्यावर दोरा ताणून दाखवतो आणि नंतर ते संत्रे सोलून खातो.

त्याची खरी प्रतिभा मात्र घड्याळात दिसते. पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असल्यामुळे लंडनहून नऊला निघालेले विमान तेथे सव्वाअकराला पोहोचते, तर पॅरिसहून नऊला निघालेले लंडनला सव्वानऊलाच उतरते. यावरून जाण्यास सव्वादोन तास आणि येण्यास पंधरा मिनिटे लागतात, असा सिद्धान्त तो मांडतो, आणि चहाचे पैसे तोच देत असल्याने त्याचे खंडन अद्याप कोणी केलेले नाही. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जेमतेम 2.7 किलोमीटरचे अंतर विमान दोन मिनिटांत कापते, हे सांगताना त्याचा कंठ दाटून येतो. कारण अकोल्याच्या शिवणी विमानतळाला इंग्रजांच्या काळापासून धावपट्टी असूनही तेथून नियमित प्रवासी विमान उडत नाही, आणि 16 एप्रिल 2025 पासून अमरावतीच्या बेलोऱ्याहून मात्र मुंबईचे विमान सुरू झाले, हा त्यास वैयक्तिक अपमान वाटतो.

त्याच्या हिशेबात प्रवास विमानाचे दार लागल्यावर सुरू होतो. अकोल्यापर्यंतची एस.टी., तेथून मुंबईपर्यंत पावणेसहाशेहून अधिक किलोमीटरची रेल्वेतील रात्र, व्हिसाची कागदपत्रे आणि विमानतळावरील तीन तासांची बैठक या बाबी तो किरकोळ खर्चात टाकतो. त्याला अजून पॅरिस पाहता आले नाही, त्याची कारणेही बहुधा याच किरकोळ खर्चात सापडतील.

युरोपचा एक परिणाम मात्र त्याच्या घरी प्रत्यक्ष होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे घेतली जातात, त्यामुळे पॅरिस व भारत यांतील साडेतीन तासांचा फरक साडेचार तासांवर जातो. कार्यालयातून सुटल्यावर येणारा लेकीचा फोन मग साडेनऊऐवजी साडेदहाला येतो, आणि तो आल्याखेरीज पाट मांडायचा नाही असा घराचा नियम आहे. या खगोलशास्त्राविषयी काकूंचे मत एकाच वाक्यात आटोपते: "घड्याय तिकडं मांगं जाते अन् भाकरी इथं थंड्या होतात."