सोबत चला ना, भाऊ

सिंदी मेघेत एखाद्या घराने जुनी गाडी घ्यायचं मनावर घेतलं की पहिला फोन बँकेला जात नाही, दलालालाही जात नाही. तो भाऊंना जातो. "भाऊ, उद्या सकाळी रिकामे हा का? एक स्विफ्ट पाहाची होती. सोबत चला ना." भाऊ रिकामेच असतात, पण लगेच हो म्हणत नाहीत. "डिझेल का पेट्रोल?" असं विचारतात. पलीकडून जे उत्तर येईल त्यावर "हंऽ" करतात. हा "हंऽ" दोन्ही उत्तरांना सारखाच असतो, आणि तो ऐकून फोन करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

भाऊंनी तरुणपणी आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड केला आणि नोकरी लागली पाटबंधारे खात्यात कारकुनाची. म्हणजे इंजिनावरचं प्रेम तीस-बत्तीस वर्षं फायलींखाली दबून राहिलं. निवृत्तीनंतर ते एकदम उसळून वर आलं. असे भाऊ देवळीत आहेत, पुलगावात आहेत, हिंगणघाटला तर गल्लीगणिक असतील. पण सिंदी मेघेच्या भाऊंना काम जास्त. त्याला कारण आहे.

वर्धा शहर कुठे संपलं आणि सिंदी मेघे कुठे सुरू झालं हे घरपट्टीची पावती पाहिल्याशिवाय कळत नाही. (नुसतं 'सिंदी' वाचून गाडी पाहायला निघालेला माणूस सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वेला पोचतो, ते वेगळंच.) एका बाजूला सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज, १९६९ सालचं, दुसऱ्या बाजूला सावंगीचं, १९९० सालचं. दोन्हीकडे एमडी-एमएस करायला तरणे डॉक्टर येतात, तीन वर्षं राहतात, परीक्षा झाली की गाडी विकून निघून जातात. त्यामुळे आमच्याकडे विकायला निघालेली प्रत्येक गाडी ही डॉक्टरची गाडी असते. जी नसते तीही असते. टॅक्सीला धावलेली इंडिकासुद्धा विकताना कोणत्यातरी डॉक्टरीणबाईंनी फक्त हॉस्पिटलात जाण्यायेण्यापुरती वापरलेली असते.

भाऊ या थापेला भुलत नाहीत. "डॉक्टर पेशंटले टायमावर औषध देते," ते म्हणतात, "गाडीले टायमावर ऑइल देते याची गॅरंटी काय?" आणि गाडीची नंबरप्लेट एमएच-३२ नसून केरळची किंवा मध्य प्रदेशची असली तर इंजिनाकडे वळायच्या आधीच ते एनओसी, पुन्हा भरावा लागणारा रोड टॅक्स, फॉर्म २८, फॉर्म २९, फॉर्म ३० असं काही सुरू करतात, की गिऱ्हाईकाला गाडीपेक्षा बैल बरा वाटू लागतो. शेवटी कारकून तो कारकूनच.

गाडी पाहायची ती पहाटे साडेपाचला, हा भाऊंचा नियम. इंजिन थंड असताना सुरू केलं तरच त्याचं खरं रूप दिसतं, हे शास्त्र बरोबर आहे. पण मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना, वर्ध्यात थंड इंजिन मिळायचं कुठून? रात्री बारापर्यंत भिंती तापलेल्या. म्हणून पहाट. विकणारा बनियनवर, डोळे चोळत दार उघडतो आणि समोर भाऊ उभे: पांढरा सदरा, खिशात टॉर्च, हातात कापडी पिशवी. नमस्कार होण्याच्या आत भाऊंचा तळहात बॉनेटवर गेलेला असतो. बॉनेट कोमट लागलं तर संपलं. "रात्री कुठी जाऊन आले का?" असं ते अगदी मायेने विचारतात. विकणारा "नाई जी" म्हणतो. भाऊ नुसते गिऱ्हाईकाकडे पाहतात. त्या पाहण्यात दहा हजार रुपये कमी होतात.

मग पिशवी उघडते. जुन्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक निघतं. ते दारांवरून, मडगार्डवरून फिरतं. जिथे पत्रा आहे तिथे चिकटतं, जिथे पुट्टी भरली आहे तिथून घसरतं. पुढे रुमाल. हे रुमाल निरोप समारंभात मिळालेल्या डझनातले, आणि निम्मे आता काळे झालेत. वहिनींनी ते कपड्यांच्या बादलीत घ्यायचं केव्हाच बंद केलंय. रुमाल सायलेन्सरसमोर धरायचा. कोरडी काजळी आली तर एवढं काही नाही, तेलकट डाग आला तर इंजिन ऑइल खातं. निळसर धूर म्हणजेही तेच. पांढरा धूर पहाटे क्षणभर चालतो, पण तो राहिला आणि कूलंटची पातळी उतरत असली तर हेड गॅस्केट. सगळ्यात शेवटी झाकणाची परीक्षा. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढायचं आणि तिथेच उलटं ठेवायचं. शांत राहिलं तर रिंगा शाबूत. नाचलं तर भाव पाडायचा. उडालं तर आपणही उडायचं. डिझेलमध्ये थोडं नाचणं माफ असतं, हेही भाऊ सांगतात. पण एवढं बारीक ऐकायला तोवर कोणी शुद्धीवर नसतं, कारण सगळ्यांचे डोळे झाकणावर.

इथवर भाऊ निर्विवाद. घोळ सुरू होतो तो डिझेल की पेट्रोल या प्रश्नाशी.

डिझेलची भुरळ आपल्याकडे उगाच पडली नव्हती. २०१२ च्या आसपास पेट्रोल आणि डिझेलमध्ये लिटरमागे तीसेक रुपयांचं अंतर होतं. फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन तेव्हा जोरात होतं. मारुतीने ते २००७ मध्ये स्विफ्टमध्ये बसवलं आणि डीडीआयएस म्हटलं. टाटांनी इंडिका व्हिस्टात बसवलं आणि क्वाड्राजेट म्हटलं. फियाटच्या स्वतःच्या पुंटोत ते मल्टिजेटच राहिलं. रांजणगावच्या कारखान्यात ते तयार होई, म्हणून भाऊ त्याला "आपल्या महाराष्ट्राचं इंजिन" म्हणतात आणि मूळ इटलीचा विषय टाळतात. "नाव काहीही लिहू दे, झाकण उघडलं का एकच देव," असं ते बॉनेटवर बोट ठेवून सांगतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे भाव मोकळे सोडले, अंतर घटत निम्म्यावर आलं, आणि एप्रिल २०२० पासून, बीएस-६ लागू होताच, मारुतीने डिझेल बनवणंच थांबवलं. इतकं होऊनही आमच्याकडच्या माणसाच्या मनात २०१२ च चालू आहे. त्याला डिझेल पाहिजे.

"कशाले पायजे?" भाऊ विचारतात.

"ॲव्हरेज, भाऊ."

"रनिंग किती तुमचं?"

हा प्रश्न सिंदी मेघेत पगार विचारण्यापेक्षा नाजूक समजला जातो. रनिंग म्हणजे सकाळी पोराला शाळेत सोडणं, संध्याकाळी बजाज चौकात भाजी, रविवारी सेवाग्राम नाहीतर पवनार. इंजिन कोमट होण्याच्या आत संपणारी अंतरं. महिन्याला खेचूनताणून ३०० किलोमीटर. पण तोंडाने निघतं ते असं: "तसं काही सांगता येत नाही. पोरगी पुण्याले हाये."

हिंजवडीतली ही मुलगी आमच्या भागातल्या अर्ध्या डिझेल गाड्यांना कारणीभूत आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तर विचारूच नका. गाडी तिच्यासाठी घेतली जाते. प्रत्यक्षात तिच्याकडे जाताना आई-वडील महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढतात, कारण एवढ्या लांब चालवायचं कोणी? माझं तर मत झालंय की मध्यमवर्गीय माणूस रोजच्या रस्त्यासाठी इंजिन निवडतच नाही. तो निवडतो न केलेल्या प्रवासासाठी: शेगाव झालं, तिरुपती राहिलं, चिखलदऱ्याचा घाट एकदा चढायचाय.

भाऊ मग खिशातून गुलाबी पेन काढतात आणि एखाद्या लग्नपत्रिकेच्या मागे हिशेब मांडतात. पेट्रोल १०५ धरा, गाडी १७ चं ॲव्हरेज देते. किलोमीटरला सहा रुपये अठरा पैसे. डिझेल ९२ धरा, २१ चं ॲव्हरेज. चार रुपये अडतीस पैसे. वाचले एक रुपया ऐंशी पैसे. गुणिले ३००, म्हणजे महिन्याला ५४० रुपये. आता सारख्याच वर्षाची, सारख्याच अवस्थेतली डिझेल गाडी पन्नास हजारांनी महाग मिळून राहिली, असं समजा. ते पन्नास हजार वसूल व्हायला साडेसात वर्षांच्या वर लागतात. "आणि गाडी २०१३ ची," भाऊ पेन बंद करतात. "आरसी २०२८ पर्यंत. म्हणजे तुमचा फायदा सुरू व्हाच्या आंधीच गाडीची पंधरा वर्षं भरते. वरून टर्बो, इंजेक्टर, हेवी क्लच. आणि डिझेलले गरम व्हाले रस्ता लागते, राजेहो. शाळा ते घर, घर ते शाळा केलं तं ईजीआर काजळीनं बसते."

बिनतोड हिशेब आहे. समोरचा माणूस तो लक्ष देऊन ऐकतो, दोनदा मान हलवतो, पत्रिका घडी करून खिशात घालतो आणि म्हणतो, "ते सगळं बरोबर हाये भाऊ. पण डिझेलच पाहू."

पेट्रोल मानलं तरी सुटका नाही. मग हजार सीसी की बाराशे? वॅगनआर २०१९ पासून दोन्हीत मिळते: हजारात तीन सिलिंडर, बाराशेत चार. सपाट वर्ध्यात हजाराचं पुरतं. तळेगावच्या घाटात एसी लावून, पाच माणसं आणि संत्र्यांची दोन पोती घेऊन चढताना पुरत नाही. "तुम्ही तळेगावच्या घाटानं कितीदा जाता?" असं भाऊंनी विचारायचं आणि गिऱ्हाईकाने पुन्हा पुण्याच्या मुलीवर यायचं. तीन सिलिंडरच्या थरथरीबद्दल भाऊंचं स्वतंत्र प्रवचन आहे. सेलेरिओचं ७९३ सीसीचं, दोनच सिलिंडरचं डिझेल निघालं होतं २०१५ मध्ये. त्याचं नाव काढलं की ते डोळे मिटून घेतात. फिगो दाखवली की फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवल्याची बातमी घरातली वाईट बातमी सांगावी तशी सांगतात. आणि आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सीलं त्यात टिकतील का, ही नवी धास्ती. इथे मात्र भाऊंची पंचाईत होते. इथेनॉलचे मोठे पुरस्कर्ते गडकरी, म्हणजे शेजारच्या नागपूरचे. तेव्हा भाऊ आधी आजूबाजूला पाहतात आणि मग सीलांविषयी बोलतात.

कोणी ऐकत नाही, तरी सगळे बोलावतात. याचं मला बरेच दिवस नवल वाटायचं. भाऊ पैसे घेत नाहीत. फार झालं तर एक चहा, आणि व्यवहार जमला तर गोरसपाकाचा डबा. मग एवढ्या पहाटे हा माणूस हवा कशाला? एकदा आमच्या मागच्या ले-आउटमधले एक गृहस्थ रस्त्यात भेटले. त्यांची डिझेल गाडी तिसऱ्यांदा गॅरेजला गेली होती. मी हळहळलो. ते म्हणाले, "काय करता? भाऊ सोबत होते ना." म्हणजे भाऊंनी पत्रिकेमागे मांडलेला हिशेब त्यांच्या कपाटात पडून होता, आणि बायकोसमोर, साल्यासमोर, सासऱ्यासमोर ठपका होता भाऊंच्या नावावर. गाडी चांगली निघाली तर आपली नजर. वाईट निघाली तर भाऊ सोबत होते. एवढ्या स्वस्तात एवढा पक्का थर्ड पार्टी विमा कोणती कंपनी देईल?

भाऊंना हे कळतं की नाही, सांगता येत नाही. बहुतेक कळत असावं. कारण त्यांना कोणी शिव्या घातल्याचं वाईट वाटत नाही, कोणी न बोलावल्याचं वाटतं.

आमच्या ओळीतल्या गुरुजींनी ते पाप केलं. त्यांनी नागपुरात परस्पर गाडी पाहिली, परस्पर बयाना दिला आणि बाराशे सीसीची पेट्रोल स्विफ्ट दारात आणून उभी केली. बारा वर्षांची, पण नीट ठेवलेली. गुरुजींचं रनिंग शाळेपुरतं, म्हणजे निवडही अचूक. पेढे वाटायला ते स्वतः भाऊंकडे गेले. भाऊ आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेटवर हात ठेवला, काढून घेतला.

"घेतली?"

"हो भाऊ, एकदम अचानकच जमलं."

"घेतली तं घेतली," भाऊ म्हणाले, पेढा खिशात टाकला आणि गेले.

त्या रात्रीपासून गुरुजींना गाडीत आवाज ऐकू येऊ लागले. आधी डावीकडून यायचे, मग उजवीकडून, मग गाडी बंद असतानाही. दोन गॅरेजवाल्यांनी सांगितलं की काही नाही. गुरुजींचा विश्वास बसेना. काही नाही, तर भाऊ "घेतली तं घेतली" का म्हणाले? दिवाळीच्या आत त्यांनी गाडी विकायला काढली. कोपऱ्यावरच्या बँकेतल्या एका बाबूंना ती पसंत पडली, आणि त्यांनी रीतसर फोन केला.

पहाटे साडेपाचला गुरुजींच्या अंगणात बाबू आणि भाऊ. चुंबक फिरलं, कुठे घसरलं नाही. रुमाल पांढराच राहिला. झाकण उलटं ठेवलं, ते जागचं हललं नाही. भाऊंनी ते परत बसवलं, हात पुसले.

"डोळे मिटून घ्या," ते बाबूंना म्हणाले. "पेट्रोल हाये, बाराशे सीसी हाये, तुमच्या रनिंगले यापेक्षा बेस्ट गाडी नाई. पहिल्या दिवसापासून पाहून राहिलो मी हे गाडी. गुरुजी, वीस हजार कमी करा."

गुरुजींच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तसाच धरून ते म्हणाले, "भाऊ, मंग त्या दिवशी काऊन नाई बोलले?"

"त्या दिवशी," भाऊ कप उचलत म्हणाले, "तुम्ही विचारलं कुठी?"