अपडेट आप्पा

मुखेडच्या बसस्टँडसमोर हॉटेलात चहा घेत बसलेल्या माणसाच्या हातातला फोन अचानक नाहीसा झाला, तर घाबरायचं कारण नसतं. चोर नसतो, आप्पा असतात.

न विचारता ते फोन घेतात, पायजम्याच्या मांडीवर काच पुसतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि सगळ्यात आधी ब्राइटनेस निम्म्यावर आणतात. "कामून एवढा उजेड पाडूलालास बे? बॅटरी काय फुकट येती?" मग उघडी राहिलेली ॲपं एकेक करून वर ढकलून बंद करतात. मग ब्लूटूथ बंद, लोकेशन बंद, नोटिफिकेशन बंद. फोन मालकाला परत मिळतो तेव्हा त्यावरून फक्त फोन करता येतो. आणि शेवटी, फोन हातात देता देता, तो प्रश्न येतो, "अपडेट मारलास का?"

हा आप्पांचा रामराम. लोक 'जेवण झालं का' विचारतात तसं ते 'अपडेट मारलास का' विचारतात, आणि नाही म्हटलं की उपाशी माणसाकडं बघावं तसं बघतात. आमच्याकडं दर दुसऱ्या घरात एक आप्पा असतात, त्यामुळं ओळखायला काहीतरी पुढं जोडावंच लागतं. यांच्यापुढं 'अपडेट' लागलं ते कायमचं. असेच कुणी देगलूरला असतील, उदगीरला असतील. पुण्याच्या सोसायट्यांत तर मजल्यागणिक असतात, असं ऐकतो. पण ते सगळे फोनवाले. आमचे आप्पा मुळात एसटीवाले.

मुखेड आगारात कंडक्टर म्हणून त्यांची उभी नोकरी गेली. तिकिटाचा ट्रे जाऊन मशीन आलं तेव्हा बाकीचे कंडक्टर कुरकुरले. आप्पांनी मात्र दोन दिवसांत मशीनची सगळी बटणं दाबून बघितली आणि तिसऱ्या दिवशी आगारातल्या साहेबांनाच एक बटण शिकवलं. शिकवण्याची चटक लागली ती तिथं. आजही कुणाला फोन शिकवताना त्यांचा सूर गाडीतलाच असतो. "नेक्स्ट. नेक्स्ट. अलाऊ. पुढं चला, पुढं चला, मधी थांबू नका." जांब, शिरूर ताजबंद, चाकूर म्हणावं त्या ठेक्यात.

तारखांच्या बाबतीत आप्पांशी कुणी वाद घालत नाही. स्वतःच्या लग्नाची तारीख त्यांना काकूंना विचारावी लागते, पण जिओ कधी सुरू झालं? ५ सप्टेंबर २०१६, झोपेतून उठवून विचारा. टिकटॉकवर बंदी कधी आली? २९ जून २०२०. अँड्रॉइडला मिठाईची नावं देणं गूगलनं २०१९ साली थांबवलं याचं त्यांना अजून वाईट वाटतं. "किटकॅट, लॉलीपॉप, मार्शमॅलो, नोगट, ओरिओ, पाय," ते बोटं मोडत म्हणतात, आणि पुढं नुसताच दहा आकडा आला की चेहरा पाडतात. यांतलं किटकॅट, लॉलीपॉप नि ओरिओ सोडलं तर एकही वस्तू मुखेडात कुणी खाल्लेली नाही, आप्पांनीही नाही.

करोनाच्या वर्षी कुणालाही फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा. तो कसा टाळायचा, याच्या आप्पांकडं निरनिराळ्या युक्त्या होत्या. कधी आकडा दाबायचा, कधी हॅश. लागली तर युक्ती आप्पांची, नाही लागली तर हँडसेट चायनाचा.

सल्ल्यांचं म्हणाल तर खरं-खोटं असं कालवलेलं असतं की निवडायला बसलं तर दुपार जाते. बॅटरी पार उतरल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही, हे त्यांचं कैक वर्षांचं ठाम मत. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यात ते बरोबरही होतं. आताच्या लिथियम-आयनचं उलटं आहे. तिला शून्य सोसत नाही आणि कायम शंभरावर राहणंही सोसत नाही, वीस ते ऐंशी टक्क्यांत ठेवली तर जास्त टिकते, आणि ऊन तर तिचा वैरीच. हे गल्लीतल्या एका कॉलेजच्या पोरानं भर हॉटेलात सांगितलं. आप्पा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी त्याच पोराच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "एक सांगतो, कुणाला बोलू नको. वीस ते ऐंशी." पोरगं गुणी, नवीनच ऐकल्यासारखं 'हो का' म्हणालं. उघडी ॲपं सारखी मारून बॅटरी वाचत नाही, उलट ती परत उघडताना जास्त खर्च होते, ही बातमी मात्र अजून आप्पांपर्यंत पोचायची आहे. पोचवायची कुणी, हा प्रश्न आहे.

भिजलेल्या फोनचं तसंच. जगभर लोक फोन तांदळात पुरतात. आप्पा ज्वारीत पुरतात. तांदूळ पाणी ओढत नाही, मराठवाड्यात ज्वारीच ओढती, असं त्यांचं शास्त्र. २०२४ च्या जानेवारीत खुद्द ॲपल कंपनीनं सांगितलं की तांदळात फोन ठेवू नका, बारीक कण आत शिरतात. बातमी वाचून आप्पा हॉटेलात उभे राहिले. "बगा, मी म्हणत नव्हतो? तांदूळ नाहीच चालत!" ज्वारीबद्दल ॲपल गप्प आहे, म्हणजे ज्वारी चालते. काकूंच्या कणगीत त्यामुळं एखादा परका फोन केव्हाही सापडतो. एकदा भाकरीचं दळण काढताना आतून रिंग वाजली आणि काकूंनी मापटं टाकून दिलं होतं.

रेंजविषयीचं त्यांचं ज्ञान मात्र खरंखुरं कमावलेलं. मुक्रमाबादेकडं खाटेवर पडल्या पडल्या माणूस कर्नाटकात जायचा. टॉवर पलीकडचा पकडला की स्वागताचा मेसेज यायचा आणि रोमिंगचे पैसे कटायचे. त्या काळात कोणत्या गावात कोणत्या भिंतीकडं तोंड करून बोललं की महाराष्ट्र लागतो, हे आप्पांना तोंडपाठ होतं. कंडक्टरला गावं माहीत असतात. आप्पांना त्यातल्या भिंतीही माहीत.

या ज्ञानाला खरे दिवस आले ते २०२१ च्या ऑगस्टात. सरकारनं ई-पीक पाहणी काढली. शेतकऱ्यानं स्वतः आपल्या गटात उभं राहायचं, ॲप उघडायचं, पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद पाठवायची; नाही पाठवली तर पुढं विमा, अनुदान सगळीकडं अडचण. आमच्याकडं ज्यांच्या नावावर जमीन असते त्यांना मोबाइल येत नाही, आणि ज्यांना मोबाइल येतो त्यांच्या नावावर जमीन नसते. मधली जागा आप्पांनी भरली. सकाळी कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून निघायचं, चिखल तुडवत सोयाबीनमध्ये शिरायचं, "लोकेशन येऊ द्या, घाई करू नका" म्हणत आभाळाकडं फोन धरून उभं राहायचं. फोटो शेतात, अपलोड बांधावरच्या लिंबाखाली, तिथंही नाही गेलं तर डांबरी रस्त्यावर. पहिल्या हंगामात निम्म्या फोटोंत सोयाबीन आणि उरलेल्यांत आप्पांचा अंगठा होता. तरी कुणाकडून चहाच्या पलीकडं एक रुपया घेतला नाही. सर्व्हर डाऊन झाला की चहा दोनदा होतो, एवढाच फायदा.

२०२५ च्या सप्टेंबरात लाडक्या बहिणींची ई-केवायसी आली तेव्हा तर आप्पांच्या ओसरीला आगाराची कळा आली. आधारचा ओटीपी आधी बाईच्या फोनवर, मग नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या. नवरा हैदराबादला बांधकामावर, फोन मुकादमाकडं. तिकडून आकडे येईपर्यंत इकडं मुदत संपलेली. पण आप्पांची शिकवण चालूच. "माय, नीट ऐका. ओटीपी कुणाला म्हणजे कुणाला सांगायचा नाही. पोटच्या पोराला सांगायचा नाही." बाया माना डोलवायच्या. "हां. आता आला बगा तुमचा, सांगा." एका म्हातारीनं फोन पदराखाली घातला. "न्हाई सांगत." "अवो, मी हाव की!" "तुमीच म्हन्लाव, कुनालाच न्हाई." दहा मिनिटं विनवण्या झाल्या. शेवटी नात शाळेतून आली, तिनं आकडे टाकले आणि काम झालं. आप्पा चिडले असतील असं मला वाटलं, पण संध्याकाळपासून हाच किस्सा ते गावभर आपल्या शिकवणीचा नमुना म्हणून सांगत फिरले.

गंमत सोडली तर या एका बाबतीत आप्पा खरोखर पक्के आहेत. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली आणि नावाच्या शेवटी 'एपीके' असलं तर ती पत्रिका नव्हे, ते फोनमध्ये शिरणारं ॲप असतं आणि त्याच्या मागोमाग बँकेचं खातं रिकामं होतं, हे त्यांनी गल्लीत इतक्यांदा सांगितलं की आता खरी पत्रिका आली तरी लोक आधी आप्पांना दाखवतात. ओसरीच्या दारावर खडूनं १९३० लिहिलंय. पैसे गेले की रडत बसायचं नाही, आधी हा नंबर लावायचा. जितक्या लवकर लावाल तितकी रक्कम मधेच अडकवता येते. नव्या पाहुण्याला वाटतं, घर १९३० साली बांधलेलं आहे.

आणि फॉरवर्ड. पहाटे पाचला 'आजची टेक्नॉलॉजी टिप' येते, गुलाबाच्या फुलासह. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल असं केलं, तेव्हा आप्पा पहिले दोन दिवस चिडले. मग कुणीतरी कारण सांगितलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फिरली आणि धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना जमावानं मारलं, त्याच महिन्यातली ती मर्यादा. आप्पा त्यावर काही बोलले नाहीत. पण तेव्हापासून 'सावध राहा' अशी सुरुवात असलेला एकही मेसेज त्यांच्याकडून आलेला मला आठवत नाही. बाकी गुलाब चालू आहे.

२०२३ च्या पावसाळ्यात केंद्र सरकारनं आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली. दिवसाढवळ्या सगळे फोन एकदम किंचाळले. वीरभद्राच्या देवळापाशी भाजीवाल्या हातातलं टाकून उठल्या. लोक कुठं धावले? आप्पांकडं. आप्पांचा फोनही किंचाळतच होता, आणि तो बंद कसा करायचा ते त्यांनाही सापडत नव्हतं. तरी एका हातानं बटणं दाबत दुसऱ्या हातानं त्यांनी गर्दीला शांत केलं. "काही नाही, काही नाही. टेस्टिंग हाय. मी कालच सांगणार होतो."

विजेसाठी 'दामिनी' ॲप घ्या, हे मात्र त्यांनी खरंच आधीपासून सांगितलं होतं. पुण्याच्या हवामान संस्थेनं केलेलं ते ॲप आसपासच्या वीस-चाळीस किलोमीटरांतली वीज दाखवतं. आभाळ भरून आलं की शेतातल्या माणसांना आप्पा एकेकाला फोन लावतात. लोक कंटाळतात, पण झाडाखालून उठतात.

मुलानं त्यांना पुण्याहून टॅब पाठवलाय. कीर्तन मोठं दिसावं म्हणून. आप्पा तो लग्नात नेतात, दोन्ही हातांनी परात धरावी तसा डोक्यावर धरून फोटो काढतात, आणि मागच्या चार रांगांना अंतरपाट पडला तरी कळत नाही. स्वतःच्या फोनवर मात्र जागाच नसते. जागा कशी मोकळी करावी याचे स्क्रीनशॉट त्यात गच्च भरलेत.

काकूंकडं अजून बटणांचा फोन आहे, टॉर्चवाला. अपडेट मारायची सोय नाही म्हणून आप्पांनी तो कधीच हातात घेतलेला नाही. त्या फोनला चार्जिंग सदा असतं आणि नातेवाईक निरोप तिथंच देतात.

हल्ली आप्पा एआयशी बोलतात, मराठीतून, ओसरीवर बसून, मोठ्यानं. परवा त्यांनी त्याला मुखेडहून लातूरची पहिली गाडी विचारली. त्यानं ठणकावून वेळ सांगितली. आप्पा भडकले. "मी त्या गाडीवर होतो बे! तुला काय माहीत?" पलीकडून तत्काळ उत्तर आलं की क्षमस्व, आपण अगदी बरोबर आहात. आप्पांनी फोन खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं, परत उचलला आणि ते उत्तर पुन्हा एकदा वाचून दाखवलं. "बगा गुरुजी. इतक्या वर्षांत कुणी म्हणलं का?"

आतून काकूंचा आवाज आला, "त्याला गॅसचं इचारा म्हनावं, नंबर कवा लावतो."

"लावतो की, ॲप अपडेट होऊलालंय."

"ऱ्हाऊ द्या. मिस कॉल देऊन मीच लावलाय सकाळी."