कटऑफकाका

आंबे संपत आले की कटऑफकाका सुरू होतात. एरवी वर्षभर ते पाणी, पार्किंग आणि भटकी कुत्री या विषयांवर मतं देणारे साधे निवृत्त गृहस्थ असतात. एमएचटी-सीईटीचा निकाल लागला, की मात्र त्यांच्या दाराशी चपलांचा ढीग पडतो. अशी असामी पुण्यापासून नांदेडपर्यंत वसाहतीगणिक सापडते. आमच्याकडे सुदैवाने एकच आहे.

काका पोरांना नावाने ओळखत नाहीत, पर्सेंटाइलने ओळखतात. "तो बी विंगमधला ९१.४, हल्ली दिसत नाही कुठे!" जिन्यात पोरगं भेटलं की "किती?" एवढंच विचारतात. उत्तर ९९ च्या पुढचं असेल तर पाठीवर थाप. नव्वदीत असेल तर "हरकत नाही, बसवू कुठेतरी." त्याखाली असेल तर "आजीची तब्येत काय म्हणते?" एखादा बाप चुकून "९२ टक्के पडले" म्हणाला, की काका चष्मा काढतात. "टक्के नव्हेत हो. परीक्षेला बसलेल्या शंभरातली ब्याण्णव पोरं तुमच्या मुलीच्या मागे आहेत. आणि पुढची जी आठ आहेत ना, त्या सगळ्यांना कॉम्प्युटरच हवंय."

टीपॉयवर गेल्या तीन वर्षांचे कटऑफ स्पायरल बाइंडिंग करून ठेवलेले असतात. हिरवा मार्कर म्हणजे 'मिळेल', पिवळा म्हणजे 'नशीब', गुलाबी म्हणजे 'विसरा'. सीओईपी आणि व्हीजेटीआयच्या कॉम्प्युटरच्या ओळी इतक्या गुलाबी आहेत, की त्या पानांवर हळदीकुंकू झाल्यासारखं वाटतं.

शाखांची उतरंड काकांच्या डोक्यात पक्की आहे. सर्वात वर कॉम्प्युटर, खाली आयटी, मग एआय-डेटा सायन्स, एआय-मशीन लर्निंग, सायबर सिक्युरिटी वगैरे नवी भावकी. त्यानंतर ईएनटीसी, कारण "त्यातूनही आयटीत उडी मारता येते." मेकॅनिकल आणि सिव्हिल "आवड असेल तर." हे शेवटचे तीन शब्द काका ज्या आवाजात उच्चारतात, तो आवाज ते एरवी दहाव्याला गेल्यावर काढतात. विशेष म्हणजे ते स्वतः मेकॅनिकलचे डिप्लोमाधारक. भोसरीच्या कारखान्यात लेथच्या आवाजात उभं आयुष्य गेलं, आणि त्याच पगारावर हा फ्लॅट झाला.

आपलं भाकीत चुकतं हे काकांना ठाऊक नाही. भाकीत खरं-खोटं ठरेपर्यंत त्यांची पुढची तुकडी आलेली असते. डॉटकॉमचा फुगा फुटला तेव्हा त्यांनी "कॉम्प्युटर संपलं, मेकॅनिकल घ्या" असं छातीठोकपणे सांगितलं. ज्यांनी ऐकलं ते चार वर्षांनी मेकॅनिकलची पदवी घेऊन हिंजवडीला कोड लिहायला बसले, कारण सॉफ्टवेअर कंपन्या तेव्हा कुठल्याही शाखेची पोरं उचलत होत्या. २००८ च्या मंदीत काका म्हणाले, "सिव्हिल करा, सरकारी नोकरी धरा." आता म्हणतात, "ज्याच्या नावात एआय, ते घ्या." बाजार चार वर्षांनंतरचा असतो आणि काकांचा हिशेब गेल्या वर्षीच्या पॅकेजवर चालतो. वर्तमानपत्रात एखाद्याच्या पन्नास लाखांच्या पॅकेजची बातमी आली, की ते कात्रण स्पायरलमध्ये जातं. बाकीच्या वर्गाला काय मिळालं, याचं कात्रण येत नाही.

यंदा ए विंगमधली ९६.८ आली. सोबत आई, वडील आणि मामा. मामा म्हणजे वजन. पोरीने सरळ विचारलं, "काका, कॉम्प्युटर आणि आयटीत फरक काय?"

"दीड पर्सेंटाइल," काका म्हणाले.

"तसं नाही. शिकवण्यात?"

काकांनी स्पायरल चाळलं. त्यात तो रकाना नव्हता. डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स हे दोन्हीकडे असतंच आणि पहिलं वर्ष तर सगळ्या शाखांचं बरंचसं सारखं, हे पोरीनेच विद्यापीठाचे अभ्यासक्रम उघडून पाहिलेलं होतं. तिला गणित आवडतं. बीएस्सी स्टॅटिस्टिक्स करून प्रोग्रॅमिंगकडे जावं, असंही मनात होतं. मामांनी कपाळाला हात लावला. तिने दाखले काढले: 'परम' महासंगणकामागचे विजय भटकर पदवीने इलेक्ट्रिकलचे.

"त्या वेळी कॉम्प्युटरची ब्रँच होती कुठे? नाइलाज होता त्यांचा."

"आणि सुंदर पिचाई? आयआयटी खरगपूर, मेटलर्जी."

"कॉम्प्युटरचा कटऑफ हुकला असणार," काका शांतपणे म्हणाले. "थोडक्यात हुकला असेल बघ."

"पण काका, प्रोग्रॅमिंग आवडलंच नाही तर?"

"तर एमबीए."

इथपर्यंत वाचून काकांना कुणी हसेल, तर त्याने त्यांना ऑप्शन फॉर्म भरताना पाहावं. तिथे हा माणूस खरा उपयोगी पडतो. 'काय मिळेल' हे बघून क्रम लावू नका, 'काय हवं' त्या क्रमाने लावा. वर मोठं कॉलेज टाकलं म्हणून खालचं हातचं जात नाही, हे ते आईबापांना दहादा बजावतात. पण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला तर तो घ्यावाच लागतो, म्हणून एक नंबरला हौस म्हणून काही टाकायचं नाही. याच कामाचे सल्लागार हजारो रुपये मोजून घेतात. काका चहाही स्वतःचाच पाजतात. नॉन-क्रीमीलेअरचा दाखला अडकला, की उन्हात तहसील कचेरीच्या रांगेत स्वतः उभे राहतात.

९६.८ चा फॉर्म त्यांनीच भरून दिला. पहिले काही पर्याय कॉम्प्युटर, मग आयटी, आणि पोरीने हट्टच धरला म्हणून बीएस्सीचे अर्ज वेगळे. "आवड असेल तर," ते म्हणाले, पण या खेपेला आवाज दहाव्याचा नव्हता. मामांचा चेहरा मात्र तसाच होता.

काकांची नात सध्या सातवीत आहे. तिच्यासाठीचं स्पायरल आत्तापासूनच तयार आहे. कॉलेजांची नावं, अंदाजे कटऑफ, सगळं ठळक शाईत. शाखेचा रकाना तेवढा पेन्सिलीने भरलाय, आणि शेजारी खोडरबर दोऱ्याने बांधून ठेवलंय.