अण्णांच्या पायाची बातमी

"वहिनी, ऐकलंत का? अण्णांच्या पायाची पट्टी सिस्टरनं सोडून टाकली!"

"सोडली? अहो, परवाच तर धाकट्यानं मेडिकलमधून आणून करकचून बांधली होती."

"तेच तर! सिस्टरनं विचारलं, ही कुणी बांधली? धाकटा गुपचूप आत."

"पण काकू, शिरा फुगून झालेल्या जखमेला पट्टीच लागते ना? आमच्या मामेसासऱ्यांची तशीच भरली."

"नुसती शिरांची असली तर भरते हो. अण्णांचीही तशीच दिसत होती. जन्म गेला सलूनमध्ये उभं राहून, घोट्याच्या आतल्या बाजूला वर जखम, भोवतीची कातडी तपकिरी. पण सिस्टर जखमेपाशी थांबली नाही. रात्री ठणकतं का, विचारलं. अण्णा म्हणाले, पाय खाटेखाली सोडला की बरं वाटतं. बिडी किती? तिथं अण्णा मुके. सूनबाईनं आतून आकडा सांगितला!"

"ती काय सोडते!"

"मग दोन्ही पाय उघडे करून पाहिले. बोटं गार, पावलावरची नाडी हाताला लागेना. अण्णांना दहा-पंधरा मिनिटं सपाट निजवलं आणि डॉपलर काढला. दोन्ही दंडांचं प्रेशर घेतलं, मग घोट्याचं. दंडांतलं जास्तीचं 140, घोट्याचं 84. भागाकार 0.6."

"म्हणजे वाईट?"

"0.8च्या खाली गेलं की घट्ट पट्टी बंद. मुळात रक्त खाली कमी पोचतंय, त्यात आपण आवळायचं म्हणजे बोटं काळी पडायची. 0.5च्या खाली असतं तर लगेच हॉस्पिटल गाठावं लागलं असतं. आता रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे चिठ्ठी दिलीय."

"आमच्या सासूबाईंना शुगर आहे. त्यांचं मोजलं तर कळेल ना?"

"शुगरवाल्यांचं अवघड असतं म्हणे. धमन्या कडक झालेल्या, पट्टा फुगवला तरी दबत नाहीत. आकडा 1.3च्या वर जातो, आणि आपण खूश! अशांचं पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघतात. का हो?"

"सूज उतरावी म्हणून कालच त्यांना घट्ट मोजे आणलेत मी."

"घातले?"

"छे! म्हणाल्या, सुनेनं आणलेत, म्हणजे टोचणारच."

"बघा, एकदा तरी सासूबाईंचं बरोबर निघालं! पावती जपून ठेवा. गुरुवारी सिस्टर येतेय, आधी पाय दाखवा."