राजा कायम, पाऊस साधारण

बुलढाणा जिल्ह्यात माणूस भेटला की आधी तो घाटावरचा की घाटाखालचा हे पाहिलं जातं, नाव-गाव मागाहून. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. हवा गार, आणि त्या गारव्याचा थोडा तोरा मिरवणारी माणसं. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद. तिथे वैशाखात ऊन असं पडतं की झाडाची सावलीसुद्धा अंग चोरून बुंध्याला चिकटते. उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ, दक्षिणेला घाटाची, आणि मधे पूर्णेचं सपाट, काळं, भेगाळलेलं खोरं. या खोऱ्यात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळ नावाचं गाव आहे. वर्षभर या गावाला कोणी काही विचारत नाही. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र सारा महाराष्ट्र त्याला विचारतो: पाऊस कसा, पीक कसं, रोगराई येणार का, देशाच्या तिजोरीत काय उरेल, आणि राजा टिकेल का?

उत्तर शेतात मांडलेलं असतं. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात धान्याचं मोठं वर्तुळ आखतात. ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, जवस, सरकी, गहू, हरभरा अशी अठरा धान्यं. मधे खड्डा, खड्ड्यात मातीची चार ढेकळं. ही ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांच्यावर पाण्याने भरलेली घागर, आणि घागरीवर पुरी, पापड, सांडई-कुरडई, करंजी, पानविडा. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे अर्थव्यवस्था, पानविडा म्हणजे राजा, आणि घागर म्हणजे समुद्र. हे चंद्रभान महाराज वाघांनी सुरू केलं आणि त्याला साडेतीनशे वर्षं झाली, असं सांगतात. आज त्यांचेच वंशज मांडणी करतात. घट मांडला की सारे घरी जातात, रात्री तिथे कोणी थांबत नाही. पहाटे येऊन कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणता दाणा आपल्या जागेवरून हलला, हे पाहायचं आणि वर्ष वाचायचं.

या व्यवस्थेत मला सगळ्यात जास्त आवडते ती मधली रात्र. त्या रात्री देशाचं भवितव्य उघड्यावर पडलेलं असतं आणि राखणीला चिटपाखरू नसतं. वारा येतो, उंदीर येतो, मुंग्यांची रांग तर बोलावणं नसतानाही येते. मसूर म्हणजे परचक्र. एखाद्या भुकेल्या मुंगीने मसुराचा दाणा चार बोटं ओढत नेला, की सकाळी सीमेवर तणाव. वाऱ्याच्या झुळकीने करंजी किंचित कलंडली, की अर्थमंत्र्यांनी सावध व्हावं. थोरामोठ्यांच्या बैठकांतून जे ठरायचं ते इथे इतक्या लहान जिवांच्या हाती असतं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणूनच की काय, त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप आजवर कोणी केलेला नाही. राजा बहुतेक साली कायम असतो, थोडा तणावात असतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली असली तर मात्र पानविड्याबद्दल बोलायची पंचाईत होते.

अठरा धान्यांत एक आहे भादली. ती आता फारशी कोणी पेरत नाही. नव्या पोरांना दाखवली तर पाखरांचा दाणा समजतील. पण घटात तिच्याकडे रोगराईचं खातं आहे. शेतातून निवृत्त झाली, तरी पद सुटलेलं नाही. उलट ज्याच्यावर आज जिल्ह्याचा खरीप उभा आहे, ज्याच्या भावावर पोरींची लग्नं ठरतात आणि मोडतात, त्या सोयाबीनला जुन्या यादीत पाट मांडलेला नाही. ते या मातीत उशिरा आलं. घट त्याआधीच भरला होता. जुन्या घरात नव्या सुनेला वीस वर्षं झाली तरी ती जशी 'नवीनच' असते, तसं सोयाबीनचं झालं असावं.

आणि ती घागर. आखाजीला आमच्याकडे घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरतात. गेलेल्यांना उन्हाळ्यात तहान लागू नये ही त्यामागची माया. त्याच दिवशी भेंडवळच्या शेतातली घागर समुद्र होते. जिथून समुद्र शेकडो मैल दूर आहे, तिथे. अर्थात या खोऱ्याला समुद्र अगदीच परका नाही. हा खारपाणपट्टा. विहीर खणली की खारं पाणी लागतं. पिकाला चालत नाही, माणसाच्या मूत्रपिंडाला तर त्याहून नाही. बुलढाणा, अकोला, अमरावतीतली कित्येक गावं हेच पाणी पीत म्हातारी झाली. समुद्राने लाटा, मासे, वाळूतला किल्ला यांपैकी काही धाडलं नाही, फक्त मीठ तेवढं पाठवलं.

घटमांडणी अशास्त्रीय आहे असं अंधश्रद्धा निर्मूलनवाले सांगत आले आहेत, आणि ते खरंच आहे. भिजलेल्या ढेकळाचा सप्टेंबरशी संबंध लावून दाखवणं मलाही जमणार नाही. पण पावसाचं भाकीत हा एकूणच माणसाला नम्र करणारा धंदा दिसतो. भारतात सरकारी पातळीवर मोसमी पावसाचा दीर्घ अंदाज १८८६ पासून देतात. हवामान खात्याचे तेव्हाचे प्रमुख ब्लॅनफर्डसाहेब हिमालयातल्या बर्फावरून ठोकताळा बांधत. पुढे १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हवामान खात्याचे प्रमुख झाले. मूळचे गणिती. त्यांनी हिमालयाचं बर्फ घेतलंच, शिवाय नाईलचा पूर, दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब, पॅसिफिकमधल्या बेटांची टिपणं, सगळं टेबलावर पसरलं आणि कोण कोणाकडे पाहून हलतं ते शोधत बसले. त्यांचाही घटच म्हणायचा, फक्त मुंग्यांना मज्जाव होता. त्यातून हाती लागलं ते मोठंच होतं: एका टोकाला दाब चढला की दुसऱ्या टोकाला उतरतो, आणि आपला पाऊस त्या झोक्यावर बसलेला असतो.

झोक्याचं एक टोक इंडोनेशियाच्या बाजूला आहे. जावा बेटावरचा शेतकरीही आकाशाकडेच पाहत आला. आपण ज्या तारकांत मृग पाहतो, त्यांच्या आसपासच त्याला नांगर दिसतो. १९९७ साली पॅसिफिकमध्ये जबर एल निनो होता, आणि आपल्याकडे दुष्काळ पडणार म्हणून सगळे धास्तावले होते. पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराचं पश्चिमेचं पाणी त्या साली तापलं होतं आणि सुमात्राकडचं गार पडलं होतं. त्याने आपल्याला तारलं. तिकडे इंडोनेशियात रानं जळत होती, धुराने शेजारचे देश खोकत होते. आपल्याकडे पाऊस पडत होता तेव्हा तिकडच्या एखाद्या खेड्यातली म्हातारी कोरड्या आभाळाखाली काय पुटपुटली असेल, हे भेंडवळच्या मसुरालाही सांगता आलं नसतं.

माझ्या मामांचं शेत त्याच भागात. ते दरसाल पहाटे भाकीत ऐकायला जातात. विश्वास आहे का विचारलं तर दुखावतात. नाही का विचारलं तरी दुखावतात. "सारे येतेत, मनून जातो," म्हणतात. बियाण्याची थैली तोवर बहुधा सांगून ठेवलेली असते, पीककर्जाचे कागद बँकेत पडलेले असतात. ढेकळं काही म्हणोत, पेरायचं तर आहेच. मग कशाला जायचं? मला वाटतं, घरी एकट्याने करायची काळजी तिथे शेकडो जणांत बसून करता येते, आणि चहाही मिळतो. एका साली मीही त्यांच्यासोबत गेलो होतो, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "भेंडवळनं सांगतलं, रेडिओनं सांगतलं, मोबाइलनं बी सांगतलं. पन पावसाले कोनी सांगतलं का?"

मोठमोठ्या गोष्टींचं उत्तर देणाऱ्या या घटात गावाच्या स्वतःच्या पुढच्या दिवसांसाठी मात्र एक दाणा नाही. राजाला पान आहे, शत्रूला मसूर आहे, गुरांच्या चाऱ्यासाठी सांडई-कुरडई आहे. पण पुण्याला कंपनीत गेलेली पोरं परत येतील का, शाळेत पटावर मुलं उरतील का, हे कशावरून वाचायचं? मामांच्या धुऱ्याला धुरा लागून शेत असलेला एक पोरगा त्या दिवशी आमच्यासोबत होता. सहा एकर, एक विहीर, मोटारसायकल, स्वभावाने गरीब, आणि तिशी ओलांडलेली. परतताना तो म्हणाला, "मामा, सारं आयकलं. पन माह्या लग्नाचं थे कोन्त्या दान्यात पाहाचं?"

"थ्याले दाना नसते बाबू," मामा म्हणाले. "थ्याले नोकरी लागते."

"मंग घटात एक नोकरी मांडा ना."

मामा हसले, आणि मग बराच वेळ हसले नाहीत. पानाला चुना लावत त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "काहो भाचेबुवा, तुमच्या वयखीत हाये का एखादी पोरगी?"

"घाटावरची चालेल?"

मामांनी पोराकडे पाहिलं. पोराने मान डोलावली.

"चालन," मामा म्हणाले. "फकस्त पानी खारं हाये, हे आधीच सांगून ठेवजा."