कमरेचे माहात्म्य

फ्रान्समधील शामोनी येथे स्की निवडण्याचे शास्त्र आता पुरेसे प्रगत झाले असून, स्कीपटूचे कौशल्य त्याच्या पायांत नव्हे तर स्कीच्या कमरेत, म्हणजे बुटाखालच्या तिच्या सर्वांत अरुंद भागात, वसते हे तेथे सर्वमान्य आहे. ११८ मिलिमीटरची कंबर खोल, भुसभुशीत हिमावर तरंगते, आणि लाकडी गाभ्याच्या वरखाली टिटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पत्रे बसवले की स्की इतकी ताठ होते की भरधाव वेगातही फारशी थरथरत नाही. संथ वेगात ती वळायलाही नाखूश असते, परंतु वळणे हा भित्र्यांचा छंद असल्याने (हेही सर्वमान्यच) त्याची दखल घेण्याचे कारण नाही. अशी जोडी खांद्यावर घेतलेला गृहस्थ कॅफेच्या दारात दोनदा अडकतो, आदराच्या नजरा टिपतो आणि यंत्राने सपाट केलेल्या निळ्या, म्हणजे सोप्या श्रेणीच्या, उतारावर मांड्या भरून येईपर्यंत सरळ जातो. याच न्यायाने पुढील हंगामात प्रत्येक पायाला एकेक दार, शक्यतो बिजागरीसकट, बांधणे इष्ट ठरेल. याच गावावरील स्पेन्सर कुलॉआर या सुमारे ५० अंशांच्या हिमघळीतून १९६७ साली स्कीपटू सिल्वाँ सोदाँ उतरले, तेव्हा त्यांच्या पायांत त्या काळच्या अरुंद स्की होत्या.